बर्न करायच्या आधी विचारायचा प्रश्न: ही चिप लक्षात कुठं ठेवते?

मला बरेच जण विचारतात की पीएलडी, म्हणजे जिच्यात आपलं लॉजिक भरता येतं अशी चिप, प्रोग्राम करायला कुठला प्रोग्रामर घेऊ, आणि मी उलट विचारतो की चिप कुठली आहे आणि ती आपलं लॉजिक लक्षात कुठं ठेवते. कारण पद्धत तिथूनच ठरते हो. आतली फ्यूज जाळून ठेवत असेल तर एकदाच संधी, फ्लोटिंग गेटवर, म्हणजे चारी बाजूंनी इन्सुलेट केलेल्या बारीक तुकड्यावर, चार्ज साठवत असेल तर पुसून परत लिहिता येतं, आणि साध्या एसरॅममध्ये ठेवत असेल तर लाईट गेली की सगळं गेलं, दर वेळी बाहेरून भरायचं. हे एकदा डोक्यात बसलं की प्रोग्रामर, केबल, फाईलचा फॉरमॅट हे सगळं आपोआप सुटत जातं. मी भोसरी एमआयडीसीत जुन्या मशीनची कंट्रोल कार्डं रिपेअर करतो, आणि मध्यंतरी एका कामात हा सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागला म्हणून तो नीट लिहून काढतोय.

काम असं होतं, एका काकांच्या शॉपमधे दोन सारखीच जुनी प्लास्टिक मोल्डिंगची मशीनं, त्यातल्या एकाचं कार्ड तासाभरानं गरम झालं की सायकल मधेच सोडून द्यायचं. स्कोप लावल्यावर दिसलं की २० पिनची एक चिप आहे आणि तिच्या एका आउटपुटला धड झिरोही नाही आणि वनही नाही, १.८ व्होल्टवर लटकलेलं. गरम झालं की तिथं, थंड केलं की परत व्यवस्थित. वरचं स्टिकर सोलल्यावर नाव दिसलं, गॅल १६व्ही८, लॅटिस कंपनीची पीएलडी. काका म्हणाले, "नवीन टाक ना रे, शंभर-दोनशेची चिप असेल." चिप मिळेल हो काका, पण कोरी मिळेल, आतलं लॉजिक कुठून आणायचं? मशीन बनवणारी कंपनी आता कार्डाला सपोर्ट देत नाही आणि ड्रॉइंगमधे चिपच्या जागी नुसता चौकोन काढून त्यावर पार्ट नंबर.

थोडं मागचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज कंपनीत जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी पॅल नावाची पीएलडी आणली, तिच्यात खरोखरच्या बारीक फ्यूज असायच्या, नको त्या जोडण्या करंट देऊन जाळायच्या, आणि एकदा जळली की जळली. नंतर काचेची खिडकी असलेल्या चिपा आल्या ज्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवून पुसायच्या. आणि १९८५ च्या सुमारास लॅटिसनं गॅल आणली, जी विजेनंच पुसता येते, ते पण १०० मिलिसेकंदांच्या आत, आणि एकच १६व्ही८ कितीतरी वेगवेगळ्या २० पिनांच्या पॅलच्या जागी बसते. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या जुन्या कार्डांवर अजून ही चिप सर्रास दिसते. डेटाशीटमधे मात्र दोन आकडे लिहिलेत जे लोक वाचत नाहीत, लिहिलेलं टिकायची हमी २० वर्षं, आणि पुसून लिहायची हमी १०० वेळा. काकांची मशीनं २० वर्षांच्या पुढं गेलेली, म्हणून मी आधीच सांगून टाकलं की चांगल्या चालणाऱ्या मशीनची पण चिप आत्ताच बदलून घेऊ.

दुसऱ्या मशीनमधली चांगली चिप काढून प्रोग्रामरच्या सॉकेटमधे टाकली, माझ्याकडे टीएल८६६ टू प्लस आहे आणि लिनक्सवर मिनीप्रो नावाच्या ओपन सोर्स प्रोग्रामनं चालवतो. रीड केलं तर सगळीकडे एकच आकडा. म्हणजे सिक्युरिटी बिट मारलेला. हा बिट एकदा मारला की आतला ॲरे, म्हणजे लॉजिकच्या जोडण्यांचा तक्ता, वाचता येत नाही, आणि तो काढायचा तर पूर्ण चिप पुसावी लागते, मग वाचायला उरतं काय! पण एक जागा लॉक असली तरी उघडी राहते, ६४ बिटांची सिग्नेचर, म्हणजे आठ अक्षरं, तिथं बनवणाऱ्यानं व्हर्जन लिहून ठेवलेलं. ते वहीत उतरवून घेतलं, पुढं ओळख पटवायला कामाला आलं.

आता उरला एकच सरळ रस्ता, चिपला बाहेरून प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायची. पण त्याआधी कार्डावर तांब्याच्या रेघा बघायच्या की कुठली पिन कुठं जाते, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. रेघ पीसी८१७ ऑप्टोकपलरकडून (मशीनचे सिग्नल कार्डात आणणारा) येत असेल तर ती पिन इनपुट, यूएलएन२८०३ या ड्रायव्हर चिपकडं जात असेल तर आउटपुट. पिन १ सगळ्यात आधी बघायची, कारण रजिस्टर्ड मोडमधे पिन १ क्लॉक असते आणि ११ आउटपुट इनेबल. इथं पिन १ वर साधा लिमिट स्विच होता, म्हणजे आत फ्लिपफ्लॉप, क्लॉकवर चालून आधीचं लक्षात ठेवणारे भाग, नाहीत, म्हणजे आपलं काम होणारं आहे. १६व्ही८ ला दहा पक्के इनपुट आणि आठ पिना अशा की ज्या इकडेही वापरता येतात तिकडेही. या कार्डावर त्या आठातल्या दोन इनपुट म्हणून वापरलेल्या, पाच आउटपुट, एक रिकामी. म्हणजे बारा इनपुट, ४०९६ कॉम्बिनेशन.

पुण्यात बुधवार पेठेत जाऊन झिफ सॉकेट (चिप जोर न लावता बसते-निघते असं) आणि सोल्डरिंगचा एक कोरा झिरो बोर्ड आणला, आर्डुइनो मेगा घरातच पडलेला. मेगा मुद्दाम, कारण तो ५ व्होल्टवर चालतो आणि पिना भरपूर. प्रत्येक रेघेत १ के चा रेझिस्टर टाकला म्हणजे समजा एखादी पिन आपण इनपुट समजलो आणि ती निघाली आउटपुट तरी दोघंही एकमेकांवर जोर लावून जळणार नाहीत. आउटपुटवर आधी १० के च्या रेझिस्टरनं ५ व्होल्टकडे ओढून वाचायचं आणि मग त्यानंच ग्राउंडकडे ओढून, दोन्ही वेळा उत्तर बदललं तर त्या वेळेला ती पिन ट्रायस्टेटमधे, म्हणजे स्वतः काहीच न देता सुटी, आहे. आमच्याकडे डिप्लोमाचा एक पोरगा शिकायला येतो, त्यानं प्रोग्राम लिहिला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ४०९६ ओळी कॉम्प्युटरवर. तो लगेच म्हणाला, "सर झालं की, आता टेबलवरून समीकरणं काढू."

मी म्हटलं थांब, आता उलट्या क्रमानं चालव, आणि मग रँडम क्रमानं. आणि तिथंच गंमत कळली. पाचातली चार आउटपुटं कुठल्याही क्रमानं विचारा, उत्तर तेच. पाचवं मात्र सरळ चालवलं तर एक, उलटं चालवलं तर दुसरं. इनपुट तेच असून उत्तर वेगळं येतंय याचा अर्थ त्या आउटपुटला आधीचं काहीतरी आठवतंय. क्लॉक नाही, फ्लिपफ्लॉप नाही, पण आउटपुट परत आत फिरवून केलेला लॅच आहे. नुसत्या एका फेरीच्या टेबलवरून चिप बनवली असती तर टेबलावर पास झाली असती आणि मशीनवर कधीतरीच घोटाळा घातला असता, जो शोधायला महिने जातात.

मग त्या एका पिनवर नीट बसलो. हळूहळू एकेक इनपुट हलवून कळलं की ती पिन म्हणजे ऑटो-मॅन्युअल मोड. साचा उघडा असेल तेव्हाच मोडच्या स्विचचं ऐकायचं, साचा बंद व्हायला लागला की जो मोड होता तोच धरून ठेवायचा, ऑपरेटरनं मधेच स्विच फिरवला तरी. ज्यानं हे डिझाईन केलं त्याचं मला खरंच कौतुक वाटलं, एका २० पिनच्या चिपमधे माणसाच्या हाताचा विचार केलाय.

समीकरण शब्दांत सांगायचं तर असं: मोड = (उघडा आणि स्विच) किंवा (उघडा-नाही आणि मोड) किंवा (स्विच आणि मोड). आता तिसरा तुकडा बघा. टेबल मांडून बघितलं तर तो जास्तीचा आहे, पहिल्या दोनातच सगळं येतं. पोरगं म्हणालं काढून टाकू, कार्नो मॅपमधे, म्हणजे समीकरण लहान करायच्या तक्त्यात, पण तो येत नाही. पण विचार करा, साचा उघड्याचा बंद होतो त्या क्षणी पहिला तुकडा शून्य होतो, दुसरा एक व्हायचा असतो, आणि या दोघांत काही नॅनोसेकंदांची फट पडू शकते. त्या फटीत दोन्ही शून्य झाले की मोड शून्य, आणि मोड शून्य झाला की दुसरा तुकडा कायमचाच शून्य. मोड गळला. तिसरा तुकडा त्या फटीवर पूल टाकतो, स्विच आणि मोड दोन्ही एक असताना तो हलतच नाही. ही गोष्ट टेस्ट करून पकडता येईल याच्या भरवशावर राहू नका, टेबलावर हजार वेळा बरोबर चालेल, ती कागदावरच ठेवायची असते.

आणि म्हणूनच कंपायलर कुठला वापरतो याला महत्त्व आहे. कपल, एबेल ही जुनी भाषा-मंडळी छान आहेत, पण समीकरण लहान करणारा मिनिमायझर चालू असला की असा जास्तीचा तुकडा गुपचूप खाऊन टाकतात, तो पर्याय शोधून बंद करावा लागतो. मी गॅलॅझम वापरला, साधा ओपन सोर्स असेम्बलर आहे, गुणाकाराची खूण म्हणजे आणि, बेरजेची म्हणजे किंवा, तिरकी रेघ म्हणजे नाही, आणि आपण लिहिलं ते जसंच्या तसं चिपमधे उतरवतो, डोकं लावत नाही. या कामाला मला तेच पाहिजे होतं. एकच बघायचं, फीडबॅक, म्हणजे आउटपुट परत आत, हवा म्हणजे चिपचा कॉम्प्लेक्स मोड, त्यात पिन १२ आणि १९ ला फीडबॅक मिळत नाही आणि प्रत्येक आउटपुटला आठाऐवजी सातच तुकडे मिळतात कारण एक आउटपुट इनेबलला जातो. आमची ऑटो-मॅन्युअलची पिन मधली होती, त्यामुळे अडलं नाही.

यातून प्रोग्रामरला द्यायची जी जेडेक फाईल निघते ती नोटपॅडमधे उघडून बघाच एकदा. साधा मजकूर असतो, सुरुवातीला क्यूएफ२१९४ म्हणजे एकूण २१९४ फ्यूज, मग झिरो-वनच्या ओळी, शेवटी चेकसम, म्हणजे ताळ्याची बेरीज. नाव अजून फ्यूजच आहे, आत जळणारं काही नसलं तरी. पहिल्या २०४८ म्हणजे अँड ॲरे, ६४ ओळी गुणिले ३२, त्यात ० म्हणजे जोडलेलं आणि १ म्हणजे तोडलेलं, त्यानंतर आठ पोलॅरिटीच्या, ६४ सिग्नेचरच्या, मग चिपच्या मोडच्या आणि बाकीच्या सेटिंगच्या. पोराला मी एक ओळ पेन्सिलनं कागदावर उतरवायला लावली, ३२ घरं, दर दोन घरांना एक इनपुट, सुलटा आणि उलटा. त्या ओळीत चार शून्य सापडले आणि त्यानं स्वतः वाचून दाखवलं की अमुक आणि अमुक आणि अमुक-नाही... त्यानंतर त्याला चिपची भीती राहिली नाही.

आता चिप आणायची. लॅटिसनं गॅल बनवणं कधीच बंद केलंय, बाजारात जे मिळतं ते जुना स्टॉक किंवा दुसऱ्या कार्डावरून काढून, घासून, नवीन छापलेलं. बुधवार पेठेतच पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी केली तर एका दुकानदार काकांनीच प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडचे पुल्स, म्हणजे जुन्या कार्डांवरून काढलेले, आहेत, मशीनला लावायचे असतील तर घेऊ नका. म्हणून एटमेलची एटीएफ१६व्ही८बी मागवली, एटमेल २०१६ पासून मायक्रोचिपकडे आहे, पिना तशाच, जेडेक फाईल तीच चालते. फक्त प्रोग्रामरच्या लिस्टमधे चिप निवडताना अगदी तोच मेक आणि तेच शेवटचं अक्षर निवडायचं. कारण या चिपांना प्रोग्रामिंग मोडमधे न्यायला एका पिनवर साध्या पाचापेक्षा बरंच जास्त, बाराच्या आसपास व्होल्टेज द्यावं लागतं, आणि किती व्होल्ट, किती वेळाचा पल्स हे मेकप्रमाणे बदलतं. आत डेटा सिरियल जातो, ६४-६४ बिटांच्या ३२ ओळी, ओळीचा पत्ता द्यायचा, बिट सरकवायचे, स्ट्रोब मारायचा.

प्रत्यक्ष बर्न म्हणाल तर पुसणं, कोरी आहे का बघणं, लिहिणं, परत वाचून ताडणं, सगळं मिळून काही सेकंद. लोकांना वाटतं तेच काम आहे. व्हेरिफाय ओके आलं म्हणजे फाईल चिपमधे नीट गेली एवढंच, फाईल बरोबर आहे हे त्यातून कळत नाही. म्हणून नवी चिप त्याच मेगाच्या जिगवर लावली आणि तीच ४०९६ कॉम्बिनेशन, सरळ, उलट, रँडम, जुन्या चिपच्या उत्तरांशी ताडून बघितली. जुळली. मग कार्डावर टाकून टेबलावर स्विच आणि एलईडी लावून, आणि मग मशीनवर पंपाचा एमसीबी खाली ठेवून सगळ्या हालचालींचे सिग्नल बघितले. गार्डचा इमर्जन्सी काँटॅक्ट वेगळ्या रिलेतून जातो हे आधी खात्री करून घेतलं होतं, माणसाचा हात जिथं जातो तिथं नुसत्या चिपवर विसंबायचं नाही.

याच सुमाराला चाकणच्या एका पार्टीचं कार्ड आलं, त्यावर अल्टेराची ईपीएम७१२८एस, ८४ पायांची, १२८ मॅक्रोसेल, म्हणजे एकेका आउटपुटचं लॉजिक बनवणारे गट. इथं चार्ज साठवायची पद्धत गॅलसारखीच पण चिप जागेवरून काढायची गरजच नाही, कार्डावर दहा पिनांचा हेडर असतो आणि जेटॅगच्या चार तारांवरून, टीसीके, टीएमएस, टीडीआय, टीडीओ, बसल्या जागी भरता येतं. जास्तीचं व्होल्टेज चिप आतल्या आत बनवते. जेटॅग मुळात १९९० चं बोर्ड टेस्टिंगचं स्टँडर्ड, प्रोग्रामिंग त्यावर नंतर स्वार झालं. मला यातली एक गोष्ट फार आवडते, टीएमएस सतत एक ठेवून टीसीकेवर पाच क्लॉक दिले की चिप आत कुठल्याही अवस्थेत असो, रीसेटला येतेच, आणि तिला आयडीकोड असेल तर तो ३२ बिटांचा नंबर लगेच बाहेर सरकवून घेता येतो. तो नंबर बरोबर आला तरच पुढं जायचं. नाही आला तर आधी कार्डाला पॉवर आहे का, ग्राउंड जोडलंय का, केबल आखूड आहे का हे बघा, लांब केबलवर टीसीकेच्या कडा थरथरतात आणि चिप एकाचे दोन क्लॉक मोजते.

सॉफ्टवेअरचा मात्र इथं त्रास आहे. या चिपला चालणारं अल्टेराचं क्वार्टस १३.० सर्व्हिस पॅक १ हे शेवटचं, झायलिंक्सच्या एक्ससी९५०० चिपवाल्यांना आयएसई १४.७, ते २०१३ चं. दोन्हींचे इन्स्टॉलर मी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवलेत. पार्टीला सॉफ्टवेअर न टाकता त्यांच्याकडेच भरायचं असेल तर एसव्हीएफ फाईल बनवून देतो, तीही साधा मजकूर असते, एवढे बिट सरकवा, हे उत्तर यायला पाहिजे, इतके क्लॉक थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, कारण सेल भरायला ठराविक वेळ लागतो, आणि फाईल ज्या वेगासाठी बनवली त्यापेक्षा टीसीके जोरात पळवला तर थांबायचा वेळ कमी होतो आणि सेल अर्धवट भरतात. अशी चिप तेव्हा चालते आणि काही महिन्यांनी दगा देते. आणि डिझाईनमधे जेटॅगच्या पिना साध्या आयओ म्हणून वापरायचा मोह टाळा, मग हेडरवरून चिप उत्तरच देत नाही.

एफपीजीएवर, म्हणजे याहून कितीतरी मोठ्या प्रोग्रामेबल चिपांवर, मी जास्त बोलत नाही, माझं रोजचं काम नाही ते. पण पोरानं टँग नॅनो ९के हा एफपीजीएचा बोर्ड घेतला, तोच मोडचा लॅच त्यात लिहिला, ओपनएफपीजीएलोडरनं भरला, चालला. गुरुवारी आमच्याकडे एमआयडीसीची लाईट जाते, परत आली तेव्हा बोर्डावर त्याचं डिझाईन नव्हतं. मी त्याला तोच प्रश्न विचारला, लक्षात कुठं ठेवलं होतंस? साधी कमांड एसरॅममधे भरते, फ्लॅशमधे भरायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. त्याला लगेच उमगलं.

काकांच्या दोन्ही मशीनमधे आता नव्या चिपा आहेत. सिक्युरिटी बिट मी मारला नाही, काकांना विचारूनच, मशीन त्यांचं आहे, उद्या मी नसलो तर दुसऱ्या कुणाला वाचता आलं पाहिजे. सिग्नेचरमधे जुनंच व्हर्जन ठेवून पुढं एक अक्षर वाढवलं, चिपवर चेकसमचं स्टिकर, आणि समीकरणांचा कागद, पिनांच्या नावांसकट, पॅनेलच्या दाराला आतून ड्रॉइंगची पिशवी असते त्यात. तिसऱ्या तुकड्यापुढं मराठीतच लिहिलंय की हा जास्तीचा दिसतो पण काढू नये, आणि का ते.

सध्या टेबलावर दुसऱ्या एका शॉपचं कार्ड आहे, त्यावर २२व्ही१० जातीच्या दोन पीएलडी. पिन १ क्लॉकलाच जोडलीय, म्हणजे रजिस्टर्ड, दहापर्यंत फ्लिपफ्लॉप, साधं टेबल इथं पुरणार नाही. पण या चिपला पॉवर दिली की सगळे रजिस्टर शून्यावर येतात, म्हणजे सुरुवातीची अवस्था तरी पक्की माहितीय, तिथून एकेक क्लॉक देत, दर अवस्थेत सगळी इनपुटं लावून, पुढं कुठं जाते याचा नकाशा काढत जायचा. पोरानं मेगाचा प्रोग्राम बदलायला घेतलाय.